एका वेळी एकच दार

मी भिंतीत बसवलेली एक पेटी बोलतेय. दीड हात लांब, दीड हात उंच, पोलादी, आतून घासलेल्या ताटासारखी लख्ख. मला दोन दारं आहेत. एक इकडच्या खोलीत उघडतं, एक तिकडच्या. दोन्हींना काच आहे. आणि माझ्या जन्माची अट अशी, की ही दोन्ही दारं एकाच वेळी कधीही उघडायची नाहीत.

एखाद्या घराला समोरासमोर दोन दारं आहेत आणि तरी त्या घरातून वारा एकदाही आरपार गेलेला नाही, असं डोळ्यांसमोर आणा. ते घर म्हणजे मी.

कागदावर माझं नाव पासबॉक्स. पण मला बसवणारा म्हातारा फिटर आपल्या जोडीदाराला म्हणाला होता, "ती पेटी सांभाळून धर रे, चरा पडला तर मॅडम तुझी चामडी सोलतील." तेव्हापासून मी स्वतःला बाईमाणूस समजते. पुढे माझं सगळं आयुष्य दोन बायकांच्या मधोमध गेलं, त्यामुळे ते बरंच झालं.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. मला वाकवताना कारागिरांनी कोपरे ठेवले नाहीत. दोन बाजू जिथे भेटतात तिथे पत्रा बोटाच्या पेरासारखा गोल वळवला. मग मला घासलं, पुसलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि लाकडी खोक्यात घातलं. खोक्यात माझ्याशेजारी पांढऱ्या फळ्यांची चळत होती. त्या फळ्यांना फार मिजास. "आमचं काय बाई," त्या म्हणायच्या, "आम्ही भिंत आहोत, पण सुटी भिंत. आज इथे उभं करतील, उद्या मालकाच्या मनात आलं तर स्क्रू काढून दुसरीकडे नेतील. तुझं मात्र कठीण आहे."

माझं काय कठीण आहे ते मला तेव्हा कळलं नाही.

एका मोठ्या शेडच्या पोटात आम्ही दुसरी इमारत उभी केली. विटा नाहीत, सिमेंट नाही, पाणी मारणं नाही. फळीला फळी अडकवायची, सांध्यात सिलिकॉन भरायचा, वर गाळण्या लावलेलं छत टाकायचं. बावीस दिवसांत दोन खोल्या तयार. म्हातारा फिटर शेवटच्या दिवशी प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवत चालला होता. जमीन आणि भिंत जिथे मिळते तिथेही त्याने गोलाईची पट्टी बसवली होती. "कोपरा ठेवला की संपलं," तो जोडीदाराला सांगत होता. "कोपरा म्हणजे धुळीचं माहेर. एकदा आली की जायचं नाव काढत नाही."

मग मोजणीवाला आला. त्याच्याकडे हवा ओढून घेणारं आणि तिच्यातले कण मोजणारं एक यंत्र होतं. डोळ्याला न दिसणारे कण, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाएवढे. नव्या बायकांना त्याने समजावून सांगितलं ते मी ऐकलं. "एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढ्या हवेत, बाहेरच्या खोलीत पस्तीस लाख कण चालतील. आतल्या खोलीत साडेतीन लाखच. आणि बाटल्या भरायच्या टेबलावर काचेच्या छताखाली फक्त साडेतीन हजार. यावरून खोलीचा वर्ग ठरतो. एकदा वर्ग ठरला की तो रोज टिकवायचा."

"आणि माणसातून किती कण पडतात?" एकीने विचारलं.

"नुसतं उभं राहिलात तरी मिनिटाला लाखभर. घाईने हाललात तर त्याच्या किती तरी पट."

सगळ्या हसल्या. ती प्रश्न विचारणारी मात्र हसली नाही. तिने ते वाक्य जणू गाठ मारून ठेवलं.

इथे डोळ्यांत घालायचं औषध भरतात. कुणाचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाच्या डोळ्यात जखम असते, अशा डोळ्यात जाणारं औषध. म्हणून हे सगळे सोपस्कार. आतल्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे कुठे फट राहिलीच तर आतली हवा बाहेर जाईल, बाहेरची आत येणार नाही. माझं काम एवढंच, की धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे बाहेरून घ्यायचा आणि आत द्यायचा, दोन खोल्यांची हवा एक होऊ न देता. आतलं दार उघडं असलं की माझ्या चौकटीतली एक खिट्टी बाहेरच्या दाराच्या खाचेत पडते, आणि बाहेरचं दार हलत नाही. बाहेरचं उघडं असलं की दुसरी खिट्टी आतलं धरते. मी स्वतःलाच कुलूप लावून उभी असते.

आतलं दार वहिनीचं, बाहेरचं नणंदेचं. तेव्हा मला कुठे ठाऊक होतं की त्या दोघी एकाच घरातून, एकाच बसने येतात!

नणंद इथे आधीपासून होती. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली आणि इथे कामाला लागली. भाऊ ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मग तिनेच वहिनीला इथे आणलं. आतल्या खोलीसाठी बायका निवडायच्या होत्या, दोघींनी नाव दिलं. आतल्या कामाची एक परीक्षा असते. टाचेपासून डोक्यापर्यंत पांढरा पोशाख चढवायचा, कपड्याच्या बाहेरच्या बाजूला हात न लावता, फक्त डोळे उघडे ठेवून. शेवटी हातमोज्याची पाची बोटं एका बशीतल्या थरावर टेकवायची. बशी उबेत ठेवतात. जंतूंचा एखादा ठिपका उगवला तर नापास.

वहिनीची बशी कोरी आली. नणंदेच्या बशीत मोहरीएवढा एक ठिपका उगवला. पुन्हा परीक्षा दिली, पुन्हा एक ठिपका.

"मीच तिला वाट दाखवली," नणंद बाटल्या धुणाऱ्या मावशीला म्हणाली, "आणि ती आत, मी बाहेर."

"ठिपक्याचं काय मनावर घेतेस गं," मावशी म्हणाली. "माझ्या बशीत तर बाग फुलली असती."

नणंद हसली नाही. त्या दिवसापासून घरी दोघींचं बोलणं जेवढ्यास तेवढं झालं. इथे मात्र बोलल्याशिवाय काम होत नव्हतं. माझ्याशेजारी बोलायचं यंत्र आहे, पण त्यातलं सगळं मॅडमच्या केबिनमध्ये ऐकू जातं. म्हणून माझ्या दोन काचांतून त्या खुणांनी बोलत. बोटं दाखवली की तेवढे ट्रे. मनगटावर दोन बोटं टकटक केली की आटप. पंजा आडवा करून हळूच खाली नेला की सावकाश. टकटक नेहमी नणंदेची, पंजा नेहमी वहिनीचा.

वहिनी चालायचीच तशी. मोजणीवाल्याचं वाक्य तिने अंगात मुरवलं होतं. ट्रे दोन्ही हातांत धरून ती टेबलाकडे निघाली की वाटायचं, पाण्याने काठोकाठ भरलेली परात घेऊन चालली आहे. मावशीने तिचं नाव ठेवलं संथाबाई.

"तुझी संथाबाई ट्रे नेतेय का झोपलेलं बाळ?"

"घरीही हेच," नणंद म्हणायची. "भाजी चिरायला बसली की चिरून होईस्तोवर भाजी सुकते."

वहिनीचे हात भरलेले असल्यामुळे माझं आतलं दार आपलं आपण मिटतं, हवा न ढवळता, अगदी हळू. पूर्ण मिटायला पाऊण मिनिट. तोवर बाहेर नणंद पुढचा ट्रे हातात धरून उभी. पाळीला साठ ट्रे. साठ वेळा पाऊण मिनिट ती माझ्यासमोर उभी राहायची आणि काचेतून वहिनीची पाठ बघायची.

त्या पाठीकडे बघताना तिच्या मनात काय चाललेलं असे ते मला नंतर कळलं.

घरी आबा होते, नणंदेचे वडील, वहिनीचे सासरे. अर्धं अंग गेलेलं. शेजारीण त्यांच्याजवळ बसायची ती तीनपर्यंत, मग तिला तिच्या कामावर जायचं असे. पाळी अडीचला संपते. पण साठ ट्रे झाल्याशिवाय बाहेरच्या खोलीतून सुटका नाही, आणि ट्रे सरायला तीन वाजून जायचे. वहिनीला तर यंत्र पुसून, पोशाख उतरवून निघायला चार. एक दिवस नणंद घरी पोचली तेव्हा आबा जमिनीवर होते. पाण्याच्या तांब्याकडे हात करायला गेले आणि पलंगावरून घसरले. किती वेळ पडून होते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी ती मावशीला हे सांगत होती. आवाज कोरडा. "तांब्या हातभर अंतरावर होता गं. हातभर."

 मावशीने पाण्याचा नळ थोडा वेळ बंद ठेवला.

त्याच दिवशी नणंदेने पिशव्या बंद करायची निळी चिकटपट्टी घेतली, बोटभर तुकडा फाडला, चार घड्या घातल्या आणि माझ्या बाहेरच्या दाराच्या खाचेत दाबून बसवला. खाच भरली. आता खिट्टी पडायला जागाच नव्हती.

"काय गं भरतेस तिथे?" मावशीने पाठमोरीच विचारलं.

"दार वाजतं फार. बूच घातलं."

वहिनीने ट्रे उचलला, वळली, चालू लागली. आतलं दार मिटायला निघालं. आणि ते अर्धं मिटायच्या आत नणंदेने बाहेरचं दार उघडलं.

इथे मला एक कबूल करायचं आहे. इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मला ते आवडलं.

माझ्यातून हवा गेली. आधी आतली थंड, कोरडी हवा सुसाट बाहेर धावली. मग आतला दाब उतरला, आणि बाहेरची उबट, ओलसर, साबणाच्या वासाची हवा माझ्यातून आत शिरली. एकाच क्षणी मी दोन्ही खोल्यांत होते. पोलादाला शहारा येत नाही म्हणतात. मला आला. मग नणंदेने ट्रे ठेवला, दार लावलं, आतलं दारही मिटलं, आणि मी पुन्हा पेटी झाले. वहिनी परत आली तेव्हा पुढचा ट्रे तयार होता. तिला वाटलं, वन्सं आज चपळ आहेत.

नणंद त्या दिवशी पावणेतीनच्या आत घरी पोचली. रोज पाळी संपली की ती घडी काढून खिशात घालायची, सकाळी पुन्हा भरायची. आबा पुन्हा पडले नाहीत.

पण चौथ्या दिवशी आतल्या टेबलाजवळचा लाल दिवा लागला.

तो दिवा कण मोजणाऱ्या यंत्राचा. लागला की काम थांबतं, टेबलावरचे ट्रे फेकून द्यावे लागतात. सहाव्या दिवशी पुन्हा लागला. आठव्या दिवशी दोनदा.

क्वालिटीच्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी क्रमाने सगळं तपासलं. छताच्या गाळण्या बदलल्या. म्हाताऱ्या फिटरला बोलावलं. त्याने रविवारी खोली बंद असताना धुराची कांडी घेऊन सांधा न् सांधा पाहिला, शेवटी माझ्यापाशी आला. टॉर्चने माझ्या खिट्ट्या पाहिल्या, दारं उघडून मिटून पाहिली. खाच रिकामी होती, खिट्टी बरोबर पडली. त्याने माझ्यावर हात फिरवला.

"पेटीत काही दोष नाही, मॅडम. वस्तू खोटं बोलत नाही."

मी खोटंच बोलत होते. गप्प राहून. खाचेच्या कडेला गोंदाचा एक पुसट डाग होता. त्याला दिसावा म्हणून मी जीव तोडून चमकले असते, पण चमकणं माझ्या हातात नाही. त्याचा टॉर्च त्यावरून गेला आणि पुढे सरकला.

वस्तू निर्दोष ठरल्या, मग उरली माणसं. लाल दिवा लागायचा त्या पाळीत टेबलापाशी एकच माणूस असायचं.

"हाताला घरी काय लावता?" बोलायच्या यंत्रातून मॅडमचा आवाज आला. सगळ्यांना ऐकू गेला.

"काही नाही, मॅडम."

"केसांत कोंडा?"

"नाही."

"त्वचेचा काही आजार? लपवू नका."

"चार वर्षं आत आहे, मॅडम. आजवर दिवा लागला नाही."

"तेच म्हणतेय मी. काहीतरी बदललंय. तुमच्यात बदललंय का?"

 वहिनीचे डोळे तेवढे दिसत होते. बाहेर नणंद ट्रे धरून उभी होती, आणि तिने मान खाली घातली होती.

मग वहिनी हात जास्त घासू लागली. आत येण्याआधी एकदा धुवायचे ते तीनदा. मनगटाची कातडी भेगाळली. मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "बघा. हे सुटतंय अंगावरून." ती आणखी संथ झाली. आधी जी पाऊल मोजून टाकायची ती आता श्वासही मोजून घेऊ लागली. तितकी ती माझ्याकडे पाठ करून जास्त वेळ चालायची, आणि तितका वेळ माझी दोन्ही दारं उघडी राहायची.

नणंदेने थांबायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणते. पण पाऊण तास तिच्या मुठीत आला होता, आणि त्या पाऊण तासाच्या टोकाला जमिनीवर पडलेले आबा होते. ती रोज सकाळी घडी हातात घ्यायची, खाचेकडे बघायची. "आजच्या दिवस," असं पुटपुटायची. आणि भरायची.

शेवटी मॅडमनी ठरवलं, वहिनीला दोन दिवस बाहेर बसवू, बदली बाई आत घालू, काय होतं ते पाहू.

ते ऐकून नणंद घाबरली. दोन दिवस मॅडम स्वतः काचेपाशी उभ्या राहणार होत्या. पकडले गेले तर? तिने त्या दोन दिवसांत खाचेत घडी भरलीच नाही. ती मुकाट्याने पाऊण-पाऊण मिनिट उभी राहिली, मनगटावर टकटकसुद्धा केली नाही.

दोन दिवसांत दिवा एकदाही लागला नाही.

तिला हे कळायला एक रात्र जावी लागली असावी. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिच्या भीतीने जो पुरावा तयार केला होता, त्यापुढे वहिनीच्या चार वर्षांची काही किंमत राहिली नव्हती. वहिनी नसली की हवा स्वच्छ, असली की दिवा. कागदावर स्वच्छ दिसत होतं. मॅडमनी बोलायच्या यंत्रावर न सांगता केबिनमध्ये बोलावून सांगितलं, एवढी माणुसकी दाखवली. आठवडा संपला की वहिनीचं नाव आतल्या यादीतून कमी. दुसरीकडे जागा नाही.

"आणि तू काय करणार आता?" मावशीने नणंदेला विचारलं.

"मी काय करणार?" नणंद म्हणाली. "बोलले तर माझी नोकरी जाते. गप्प बसले तर तिची जाते. घर एकच आहे. सांग, काय करू?"

मावशीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.  नणंदेच्या लक्षात आलं की आपण मोठ्याने बोललो. ती लगेच वळली आणि ट्रे उचलला.

वहिनीचा शेवटचा दिवस आला. मॅडमनी तिला शेवटची पाळी करू दिली, टेबलावर दिवा लागला तर लागला, बदली बाई सोमवारपासून येणार होती. त्या दिवशी खाच रिकामी होती. ती जुनी घडी नणंदेच्या खिशातच होती, आणि खिशावर तिचा हात सारखा जात होता.

चाळिसाव्या ट्रेनंतर वहिनीने आतून माझं दार उघडलं, पण ट्रे घेण्याआधी एक कागद माझ्यात ठेवला. आतल्या खोलीत साधा कागद चालत नाही, त्याचे धागे सुटतात. एक निळसर गुळगुळीत कागद मिळतो, त्यावर तिने पेनने लिहिलं होतं. मग ट्रे घेऊन ती वळली. आतलं दार मिटलं, खिट्टी उठली, आणि नणंदेने कागद काढून घेतला.

तो माझ्या पोटात पाऊण मिनिट होता, म्हणून मला त्यातलं ठाऊक आहे. लिहिलं होतं, "वन्सं, सोमवारपासून मी घरी आहे. आबांकडे मी बघीन. आता तुम्ही घाई करू नका. सावकाश या."

एवढंच. कुठे दोष नाही, रडणं नाही.

नणंद कागद हातात धरून उभी राहिली. ट्रे ठेवायचा विसरली. आतून वहिनीने काचेवर बोट वाजवलं तेव्हा तिने कसाबसा ठेवला. पुढचे तीन ट्रे तिने आंधळ्यासारखे भरले. मग तिने निळसर कागदाचा तुकडा घेतला आणि बाटल्यांच्या कट्ट्यावर वाकून लिहू लागली. लिहून झाल्यावर खिशातली पट्टीची घडी काढली, दोन्ही एका छोट्या पारदर्शक पिशवीत घातलं, पिशवी बंद केली, आणि नेमाप्रमाणे स्पिरिटच्या फडक्याने बाहेरून पुसली. माझ्यातून जाणारी प्रत्येक वस्तू पुसून द्यायची असते. आपला अपराधही तिने पुसूनच दिला.

पिशवी ट्रेवर ठेवली, दार लावलं.

कागदावर होतं, "वहिनी, दिवा तुझ्यामुळे लागत नव्हता. दाराच्या खाचेत मी ही पट्टी भरत होते. ते दोन दिवस मी भीतीने भरली नाही, म्हणून दिवा लागला नाही. मी तुझा घास काढला."

आतलं दार अजून उघडलं नव्हतं. वहिनी टेबलापाशी होती, पाठमोरी, नेहमीसारखी सावकाश परत फिरत. नणंद काचेतून त्या पिशवीकडे बघत होती. मी तिचे डोळे एवढ्या जवळून पाहिलेत की सांगते, तिला ती पिशवी परत हवी होती. ती स्वतःशीच पुटपुटली, "नको. नको गं. उद्या सांगते. घरी सांगते." आणि तिने माझ्या कडीला हात घातला.

त्याच क्षणी वहिनीने पलीकडून दार उघडलं.

खिट्टी पडली. खाच रिकामी होती, पुरती रिकामी, आणि खिट्टी तिच्यात खाडकन जाऊन बसली. नणंदेने ओढलं. पुन्हा ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. मी हलले नाही. ज्या कुलपाचा मी जन्मभर राग केला, ते मी त्या दिवशी सगळ्या ताकदीनिशी धरून ठेवलं. कुणी म्हणेल, यंत्र आहे, त्याचं कामच ते. असेल. पण मला माहीत आहे मी ते कसं धरलं होतं.

वहिनीने पिशवी पाहिली. उघडली. वाचलं. तिचं वाचणंही तसंच, एकेक शब्द. मग तिने घडी बोटांत धरून दिव्याकडे केली. निळी पट्टी, चार घड्या, एका बाजूला खिट्टीचा दाब पडलेला.

तिने वर पाहिलं. दोन काचांच्या अल्याड आणि पल्याड दोघींचे डोळे. एकीचे कोरडे होते. कुणाचे ते सांगत नाही.

बोलायचं यंत्र तिच्या हाताशी होतं. एक बटण दाबलं असतं तर मॅडम दोन मिनिटांत येत्या. तिची नोकरी वाचत होती, नाव वाचत होतं, तीनदा घासलेले हात वाचत होते. तिने बटणाकडे पाहिलं. मग कागद आणि घडी पुन्हा पिशवीत घातली, पिशवी माझ्यात ठेवली, ट्रे उचलला आणि टेबलाकडे निघून गेली.

आतलं दार मिटू लागलं. पाऊण मिनिट. माझ्या पोटात ती पिशवी एकटी पडली होती, आणि मी मोजत होते. दार मिटलं. खिट्टी उठली. आता बाहेरचं दार उघडत होतं. पिशवी काढायची, फाडायची, कचऱ्यात टाकायची, तिला कोण अडवणार होतं?

नणंदेने दार उघडलं. पिशवी घेतली. मावशीला म्हणाली, "मावशी, उरलेले ट्रे तुम्ही द्या. माझं काम आहे."

"कुठे निघालीस?"

"मॅडमकडे."

आणि ती गेली. चालत गेली, धावत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. म्हातारा फिटर पुन्हा आला, या वेळी गोंदाचा डाग त्याला दिसला. त्याने कपाळावर हात मारला. "वस्तू खोटं बोलत नाही म्हणालो होतो ना मी," तो मला म्हणाला, "चुकलो. वस्तूला विचारायचं असतं, आणि मी नीट विचारलं नाही." त्याने खाचेत एक छोटा डोळा बसवला. आता कुणी काही भरलं तर मी किंचाळते. मला आवाज मिळाला तो असा, फक्त ओरडण्यापुरता.

वहिनी आतच राहिली. मॅडम स्वतः पोशाख घालून आत आल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माझी चूक झाली." पोशाखात माणूस वाकून बोलला की विचित्र दिसतो, पण त्या वाकल्या. मग त्यांनी माझ्या दाराच्या मिटण्याचा वेळ पाहिला, फिटरकडून तो वीस सेकंदांवर आणून घेतला, आणि पाळीचे ट्रे पन्नास केले. पाऊण मिनिट उभं राहावं लागतं हे त्यांना चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

नणंदेला महिनाभर घरी बसवलं. नंतर घेतलं, पण माझ्याजवळ नाही. आता ती पलीकडच्या इमारतीत खोकी बांधते. त्या महिन्यात आबांना कुणी पाण्यासाठी हात लांब करू दिला नाही, असं वहिनी मावशीला सांगत होती. "आता घरी बोलतो आम्ही," ती म्हणाली. "भांडतोसुद्धा."

"मग चांगलं झालं म्हणायचं," मावशी म्हणाली.

मी अजून भिंतीतच आहे. फळ्या म्हणतात, पुढच्या वर्षी ही खोली सोडवून नव्या शेडमध्ये उभी करणार आहेत. त्या आनंदात आहेत. मला ठाऊक आहे, मलाही नेतील, पुन्हा भिंतीत बसवतील, पुन्हा दोन खोल्यांच्या मध्ये, आणि पुन्हा एका वेळी एकच दार. कधी कधी तो साबणाच्या वासाचा वारा आठवतो. आठवला की मला लाज वाटते, आणि तरी आठवतो.

खोकी बांधायची पाळी दोनला सुटते; रोज तेव्हा नणंद तिच्या इमारतीतून निघते आणि आमच्या बाहेरच्या खोलीच्या काचेच्या दारापाशी क्षणभर थांबते. आत यायची तिला परवानगी नाही. तिथून माझी बाहेरची काच दिसते, माझ्यातून आतली, आणि तिच्या पलीकडे ट्रे घेऊन चाललेली एक पांढरी पाठ. वहिनी परत फिरते तेव्हा नणंद हात वर करते. मनगटावर टकटक करत नाही. पंजा आडवा धरते आणि हळूच खाली नेते.

मग ती आबांकडे निघते, आणि वहिनी पुढच्या ट्रेसाठी माझं दार उघडते.

माझं मागणं एवढंच आहे. ज्या कुणाला माझ्यासमोर थांबावं लागतं, त्याला कधीतरी विचारा, घरी कोण वाट बघतंय. खाचेत घडी भरली जाण्याआधी विचारा. मी सांगू शकत नाही.